अनुदानाने माती वाचते का?

'मातीची धूप थांबवण्याचे उपाय लिहा' हा प्रश्न आपण वर्षानुवर्षे विचारत आलो आहोत. उत्तरेही ठरलेली असतात. बांध घालावेत, झाडे लावावीत, उताराला आडवी नांगरट करावी, गुरांची चराई थांबवावी. उत्तर बरोबर असते आणि त्याला गुणही मिळतात. पण व्याकरणाच्या तासाला आपण विद्यार्थ्यांना वाक्यातला कर्ता शोधायला सांगतो, तसा तो या वाक्यांत शोधून पाहावा. बांध घालावेत, पण कोणी? झाडे लावावीत, पण कोणाच्या जमिनीत आणि कोणाच्या खर्चाने? विज्ञानाच्या पुस्तकातला कर्ता इथे हरवलेला असतो.

तो हरवतो याला कारण आहे. माती एका माणसाच्या मालकीची असते, पण वाहून गेल्यावर तिचे परिणाम अनेकांना भोगावे लागतात. धरणात गाळ साठतो, ओढ्याचे पात्र उथळ होते, खालच्या गावाचे पाणी गढूळ होते. शेतकऱ्याने आपल्या शेतात काय करावे हे सरकारने सांगावे का? की सांगू नये, फक्त पैसे, बियाणे, तांत्रिक सल्ला पुढे करावा आणि ज्याला घ्यायचे तो घेईल असे म्हणावे? या दुसऱ्या मार्गाला 'ऐच्छिक साहाय्य' म्हणतात. हा प्रयोग सर्वांत मोठ्या प्रमाणावर आणि सर्वांत दीर्घकाळ झाला तो अमेरिकेत. त्या प्रयोगावरची सर्वांत कठोर टीकाही तिथल्याच एका वनशास्त्रज्ञाने केली. आल्डो लिओपोल्ड हे त्यांचे नाव. 'अ सँड काउंटी अल्मनॅक' या त्यांच्या पुस्तकाच्या शेवटच्या भागात 'भूमिनीती' या विषयावरचा निबंध आहे. पुस्तक १९४९ साली प्रसिद्ध झाले. पर्यावरण-विचारातला हा एक मूळ निबंध मानला जातो आणि त्यातली वचने भाषणांतून सतत ऐकू येतात. आम्हाला मात्र तो एखाद्या शास्त्रीय विधानासारखा तपासून पाहावासा वाटतो. कारण लिओपोल्ड त्यात एक भाकीत करतात, आणि ते खरे ठरले की नाही हे पाहण्याइतकी वर्षे आता उलटून गेली आहेत.

माणूस आणि त्याचा पुरावा

लिओपोल्ड यांचा जन्म १८८७ चा. येल विद्यापीठात वनशास्त्र शिकून १९०९ मध्ये ते सरकारी वनखात्यात गेले आणि नैर्ऋत्येकडच्या ॲरिझोना, न्यू मेक्सिको भागांत त्यांनी काम केले. पुढे विस्कॉन्सिन विद्यापीठात ते वन्यप्राणी व्यवस्थापनाचे प्राध्यापक झाले. १९३५ मध्ये त्यांनी विस्कॉन्सिन नदीकाठची एक निकस झालेली शेतजमीन विकत घेतली आणि कुटुंबासह तिथे हजारो झाडे लावली. एप्रिल १९४८ मध्ये शेजारच्या शेतात लागलेला वणवा विझवताना हृदयविकाराच्या झटक्याने त्यांचा मृत्यू झाला. पुस्तक त्यांच्या मृत्यूनंतर बाहेर आले.

निबंधातला पुरावा विस्कॉन्सिनच्या नैर्ऋत्य भागातला आहे. हा डोंगराळ प्रदेश हिमयुगातील बर्फाच्या थरांखाली आला नव्हता, त्यामुळे त्याचे उतार तीव्र राहिले. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यानंतर तिथे वस्ती वाढली, उतार नांगरले गेले, टेकड्यांवरच्या रानांत गुरे सोडली गेली. पुढच्या सत्तर-ऐंशी वर्षांत घळी पडल्या आणि दऱ्यांतली सुपीक कुरणे गाळाने भरून गेली.

१९३३ मध्ये, मंदीच्या काळात, तिथल्या कून ओढ्याच्या खोऱ्यात अमेरिकेतला संपूर्ण पाणलोटावरचा पहिला मृदसंधारण प्रकल्प सुरू झाला. प्रकल्प चालवणाऱ्या खात्याचे प्रमुख ह्यू बेनेट हे होते. मृदाशास्त्रज्ञ असलेल्या बेनेट यांनी धूप हा राष्ट्रीय धोका आहे असे १९२८ मध्येच एका सरकारी पत्रिकेत मांडले होते. कून खोऱ्यात सरकारने शेतकऱ्यांपुढे सौदा ठेवला. बेरोजगार तरुणांच्या शिबिरांतले मजूर, कुंपणाची तार, चुना आणि बियाणे सरकार देईल. शेतकऱ्याने पाच वर्षांचा करार करायचा, उताराला आडवी पट्टा-पेरणी करायची आणि तीव्र उतारांवर गुरे सोडायची नाहीत. चारशेहून अधिक शेतकऱ्यांनी करार केले. लिओपोल्ड या प्रकल्पाचे सल्लागार होते आणि १९३५ साली त्यांनी त्याबद्दल उत्साहाने लिहिलेही होते.

दरम्यान देशात मोठ्या घटना घडत होत्या. दक्षिणेच्या मैदानी राज्यांत धुळीची वादळे उठत होती. १४ एप्रिल १९३५ चे वादळ 'काळा रविवार' म्हणून ओळखले जाते. त्याच महिन्यात मृदसंधारणाचा कायदा झाला आणि 'सॉइल कॉन्झर्व्हेशन सर्व्हिस' हे कायमचे खाते उभे राहिले. १९३७ मध्ये राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी सर्व राज्यांना एका नमुना कायद्याचा मसुदा पाठवला. त्यानुसार शेतकऱ्यांनी आपापले मृदसंधारण जिल्हे स्थापन करायचे होते. विस्कॉन्सिननेही त्याच वर्षी असा कायदा केला.

लिओपोल्ड काय म्हणतात

निबंधातला युक्तिवाद थोडक्यात असा. कून खोऱ्यातले पाच वर्षांचे करार संपले, तेव्हा शेतकऱ्यांनी लगेच आणि डोळ्यांना दिसेल असा फायदा देणाऱ्याच पद्धती पुढे चालू ठेवल्या. बाकीच्या सोडून दिल्या. मग राज्याने विचार केला की नियम शेतकऱ्यांनी स्वतःच केले तर ते पाळतील. १९३७ च्या कायद्याने त्यांना तो अधिकार दिला, सोबत मोफत तांत्रिक मदत आणि वापरायला यंत्रेही देऊ केली. दहा वर्षे गेली. एकाही काउंटीने एकही नियम केला नाही. पट्टा-पेरणी झाली, कुरणे सुधारली, जमिनीत चुना घातला गेला. पण टेकडीवरच्या रानातली गुरे थांबली नाहीत आणि उभ्या उतारावरचा नांगरही थांबला नाही.

यावरून ते निष्कर्ष काढतात की केवळ स्वार्थावर उभे असलेले संधारण एका मर्यादेपुढे जाऊ शकत नाही. समाजाला उपयोगी पण मालकाला नफा न देणाऱ्या सगळ्या गोष्टी मग सरकारवर ढकलल्या जातात, आणि सरकारची झेप तेवढी नसते. जमीन ही आपल्या मालकीची वस्तू नसून आपण जिचे सभासद आहोत असा एक समुदाय आहे, ही भावना रुजल्याशिवाय गत्यंतर नाही.

शिक्षकांना टोचणारा भाग पुढे आहे. संधारण कमी पडते म्हणून शिक्षण वाढवा, असे सगळे म्हणतात. लिओपोल्ड विचारतात की शिक्षणाचे प्रमाणच कमी आहे की त्याच्या आशयातच काही उणीव आहे? कायदा पाळा, मत द्या, संस्थेचे सभासद व्हा आणि फायद्याचे असेल तेवढे संधारण करा, एवढेच शिकवायचे असेल तर त्यात माणसाकडून कसलाच त्याग मागितलेला नाही, असे त्यांचे म्हणणे आहे. आपल्या परिसर अभ्यासाच्या कितीतरी पाठांना ही टीका जशीच्या तशी लागू पडेल.

गाळाची साक्ष

मग लिओपोल्ड बरोबर होते का? गंमत अशी की त्यांनी पुरावा म्हणून घेतलेल्या त्याच कून खोऱ्याचा पुढे कित्येक वर्षे बारकाईने अभ्यास झाला. स्टॅन्ली ट्रिंबल या भूगोलतज्ज्ञाने १९७० च्या दशकापासून तिथल्या गाळाचा जमाखर्च मांडला. डोंगरावरून किती माती सुटली, दरीत किती साठली, ओढ्याच्या मुखातून किती बाहेर गेली, हे त्यांनी दरीच्या तळाचे छेद पुन्हा पुन्हा मोजून काढले. जुन्या मोजण्या १९३० च्या दशकातल्या होत्या, त्यामुळे तुलना शक्य झाली.

१९९९ मध्ये त्यांनी प्रसिद्ध केलेला निष्कर्ष लक्ष वेधणारा आहे. १९७५ ते १९९३ या काळात दरीत गाळ साठण्याचा वेग १९३० च्या दशकातल्या कमाल वेगाच्या सुमारे ६ टक्केच उरला होता. म्हणजे ज्या शेतकऱ्यांनी फक्त 'फायद्याच्या' पद्धती ठेवल्या असा लिओपोल्ड यांचा आरोप होता, त्यांच्याच खोऱ्यातली धूप अतिशय कमी झाली. सगळे श्रेय एका प्रकल्पाला देता येणार नाही. खते, सुधारित वाणे आणि दाट कुरणे हीसुद्धा त्याच काळात आली. पण उताराला आडवी शेती त्या भागात टिकली आणि पसरली, यात शंका नाही.

या अभ्यासात विज्ञानाच्या शिक्षकाने विद्यार्थ्यांपुढे मांडावी अशी आणखी एक गोष्ट आहे. डोंगरावरची धूप कधी प्रचंड होती, कधी अगदी थोडी, पण ओढ्याच्या मुखातून बाहेर पडणारा गाळ सर्व काळात जवळजवळ तेवढाच राहिला. हे कसे? धूप जोरात होती तेव्हा बहुतेक माती डोंगराच्या पायथ्याशी आणि पूरमैदानात अडकून पडली. पुढे वरून येणारी माती कमी झाली तेव्हा ओढ्याने हाच जुना साठा काठावरून खरवडून न्यायला सुरुवात केली. फक्त मुखाशी उभे राहून गाळ मोजणाऱ्याला 'साठ वर्षांत काहीच फरक पडला नाही' असेच दिसले असते. योजनेचे यश मोजायचे तर कुठे मोजायचे हे आधी ठरवावे लागते.

म्हणून पहिला निर्णय असा द्यावा लागतो की मातीच्या बाबतीत लिओपोल्ड यांनी स्वार्थाची ताकद कमी लेखली. आडव्या पट्ट्यांमुळे शेतकऱ्याच्याच शेतात माती आणि ओल राहते. फायदा त्याला दिसतो. एकदा पद्धत हाती बसली की अनुदान बंद झाले तरी ती चालू राहते.

भाड्याने घेतलेली विश्रांती

आता मोठ्या पटावर पाहू. १९८५ च्या अन्नसुरक्षा कायद्याने अमेरिकेत 'कॉन्झर्व्हेशन रिझर्व्ह प्रोग्रॅम' सुरू केला. कल्पना सोपी आहे. धूप फार होते अशी जमीन शेतकऱ्याने दहा ते पंधरा वर्षे नांगरायची नाही, तिच्यावर गवत किंवा झाडे लावायची. त्याबद्दल सरकार दरवर्षी एकरी भाडे देते, लागवडीच्या खर्चाचा सुमारे निम्मा भारही उचलते. एका काउंटीतली पिकाखालची २५ टक्क्यांहून अधिक जमीन साधारणपणे घ्यायची नाही असेही बंधन होते. कारण शेतीच थांबली तर बियाण्याच्या दुकानापासून ट्रॅक्टर दुरुस्तीपर्यंत गावाचे सगळेच व्यवहार बसतात.

सुरुवातीला जास्तीत जास्त एकर मिळवण्यावर भर होता. कमाल भाडे किती मिळते हे लोकांच्या लवकरच लक्षात आले आणि बहुतेकांच्या बोली त्या आकड्याभोवती जमल्या. १९९० च्या कायद्यानंतर पद्धत बदलली. पाणी, माती, वन्यजीव आणि खर्च यांना गुण देऊन अर्जांची क्रमवारी लावली जाऊ लागली. परीक्षेत नुसती हजेरी न पाहता गुण पाहावेत, तसा हा बदल होता.

२००७ मध्ये योजनेखाली ३ कोटी ६८ लाख एकर जमीन होती. हे क्षेत्र जवळजवळ निम्म्या महाराष्ट्राएवढे भरते. त्याच १९८५ च्या कायद्यात आणखी एक कलम होते. फार धुपणाऱ्या जमिनीवर संधारणाची योजना न राबवता पीक घेणाऱ्याला सरकारची इतर शेती अनुदाने मिळणार नाहीत. म्हणजे संधारण ऐच्छिक राहिले खरे, पण नकाराला किंमत लागली. सरकारी पाहणीनुसार पिकाखालच्या जमिनीची पाण्याने आणि वाऱ्याने होणारी वार्षिक धूप १९८२ मध्ये सुमारे ३०६ कोटी अमेरिकी टन होती, ती २००७ मध्ये १७३ कोटी टनांवर आली. घट ४३ टक्के, आणि तिच्यातला बराच मोठा भाग पहिल्या पंधरा वर्षांतला.

हे आकडे शेतात मोजलेले नाहीत, हे लक्षात ठेवायला हवे. पाऊस, मातीचा प्रकार, उताराची लांबी आणि तीव्रता, पिकाचे आच्छादन, संधारणाची पद्धत हे घटक समीकरणात घालून ते काढले जातात. ट्रिंबल आणि त्यांच्या सहकाऱ्याने २००० साली याच मुद्द्यावर टीका केली होती. समीकरणातून निघालेली धूप आणि दरीत प्रत्यक्ष सापडणारा गाळ यांचा मेळ घातलाच पाहिजे, असे त्यांचे म्हणणे. घटीची दिशा खरी असावी असे आम्हाला वाटते, पण नेमका आकडा हा अंदाज आहे.

आता लिओपोल्ड यांची बाजू पाहा. २००७ नंतर मक्याचे भाव चढले. मक्यापासून इथेनॉल बनवण्यास कायद्याने प्रोत्साहन मिळाले होते. दुसरीकडे २००८ च्या कायद्याने योजनेची कमाल मर्यादाही खाली आणली. परिणाम असा की २०१४ पर्यंत एक कोटी एकरांहून अधिक जमीन योजनेबाहेर गेली आणि त्यातल्या बऱ्याच जमिनीवर पुन्हा नांगर फिरला. वीस-वीस वर्षे गवताखाली साठलेला सेंद्रिय कर्ब, गवतात घरटी करणाऱ्या पक्ष्यांचा निवारा, हे एका हंगामात मोडले. करार संपला की फायद्याचे तेवढेच उरते, हे लिओपोल्ड यांचे भाकीत इथे शब्दशः खरे ठरले. आडव्या नांगरटीची सवय टिकली, कारण ती नफ्याची होती. पड ठेवलेली जमीन टिकली नाही, कारण तिथे सवय लागलीच नव्हती. तिथे फक्त भाडे होते.

अर्थशास्त्रज्ञ आणखी दोन गळत्या दाखवतात. एक, जो माणूस तसेही ते काम करणारच होता त्याला पैसे दिले तर सरकारचा पैसा गेला आणि माती जास्त वाचली नाही. दोन, इथली जमीन पड ठेवल्याने धान्याचे भाव थोडे वाढले की तिथे दुसरा कोणी नवी जमीन नांगरायला घेतो. १९९० च्या कायद्याने दलदलीच्या जमिनींसाठी एक वेगळी वाट काढली होती. नांगरण्याचा हक्कच सरकारने कायमचा किंवा तीस वर्षांसाठी विकत घ्यायचा. ही वाट महाग पडते, पण मक्याच्या भावाबरोबर ती डळमळत नाही.

फायदा वरच्याला, तोटा खालच्याला

ऐच्छिक साहाय्याची खरी कसोटी मातीवर नव्हे, पाण्यावर लागते. आयोवा राज्याची राजधानी दे मॉइन. तिचे पिण्याचे पाणी रॅकून आणि दे मॉइन या नद्यांतून येते. वरच्या अंगाला मका आणि सोयाबीनची सपाट शेते आहेत. जमिनीतले जादा पाणी काढून टाकण्यासाठी त्यांच्याखाली निचऱ्याचे नळ घातलेले आहेत. खतातून आणि मातीतून सुटलेला नायट्रेट या नळांवाटे नदीत येतो.

माती अडवण्याचे उपाय इथे थोडेच उपयोगी पडतात, कारण नायट्रेट पाण्यात विरघळलेला असतो. बांधाशी तो थांबत नाही. फॉस्फरस मातीच्या कणांना चिकटून जातो, म्हणून माती अडली की बराचसा तोही अडतो. नायट्रेटचे तसे नाही. पिण्याच्या पाण्यात नायट्रेट-नायट्रोजन लिटरला १० मिलिग्रॅमपेक्षा जास्त असू नये असा अमेरिकेचा नियम आहे, कारण तान्ह्या मुलांच्या रक्ताची ऑक्सिजन वाहण्याची क्षमता त्याने घटते. दे मॉइनच्या पाणीपुरवठा संस्थेला नायट्रेट काढणारे खास संयंत्र चालवावे लागते. त्याचा खर्च शहरातले ग्राहक देतात.

१९७२ चा अमेरिकी जलशुद्धी कायदा कारखान्याच्या नळावर परवान्याची सक्ती करतो. शेतातून पावसाबरोबर वाहून येणारे पाणी मात्र पुढच्या दुरुस्त्यांनी त्याच्या कक्षेबाहेर ठेवले. आयोवाने २०१३ मध्ये पोषकद्रव्ये ४५ टक्क्यांनी कमी करण्याचे धोरण जाहीर केले. शेतीच्या बाबतीत ते ऐच्छिक आहे. २०१५ मध्ये दे मॉइनच्या संस्थेने वरच्या तीन काउंट्यांतल्या निचरा-मंडळांवर दावा लावला. २०१७ मध्ये तो फेटाळला गेला. नायट्रेट नदीत येतो की नाही हा न्यायालयापुढचा निर्णायक मुद्दा ठरला नाही. अशा मंडळांवर असा दावा लावताच येत नाही, यावर तो संपला.

कून खोरे आणि दे मॉइन शेजारी ठेवले की चित्र स्पष्ट होते. ज्या उपायाचा फायदा मालकाच्याच शेतात राहतो, तिथे थोडी मदत आणि चांगला सल्ला पुरतो. ज्याचा फायदा पन्नास मैल खालच्या अनोळखी माणसाला मिळतो, तिथे ऐच्छिक मदत तोकडी पडते. लिओपोल्ड यांनी या दोन्हींना एकाच मापाने मोजले. निबंधातला हा आम्हाला दिसलेला सर्वांत मोठा दोष आहे.

आपल्या मातीतला धागा

सक्तीचा मार्ग आपल्याकडेही वापरून झाला आहे. १९४२ च्या मुंबई जमीन सुधारणा योजना कायद्याने खाजगी शेतात समपातळी बांध घालण्याची सोय केली आणि पुढच्या दशकांत दख्खनच्या अवर्षणग्रस्त भागांत असे बांध मोठ्या प्रमाणावर घातले गेले. तांत्रिकदृष्ट्या बांध योग्य होते. पण समपातळी रेषा शेताच्या हद्दी पाहून जात नाही. बांधाने शेत वेडेवाकडे कापले, कुळवाच्या पाळ्या अडल्या, एकाच्या शेतात पाणी साचले आणि ओल दुसऱ्याला मिळाली. अनेक शेतकऱ्यांनी हे बांध हळूहळू नांगरून टाकले. सक्तीने घातलेला बांधही जपणारा माणूस नसेल तर टिकत नाही.

ऐच्छिक मार्गाची मर्यादाही आपण पाहिली आहे. २०१६ मध्ये राज्यात 'मागेल त्याला शेततळे' ही योजना आली. शेततळ्याची मूळ कल्पना शेतावरचे वाहते पाणी अडवण्याची. दुष्काळी भागात मात्र प्लास्टिकचे अस्तर घातलेली अनेक शेततळी विहीर किंवा बोअरच्या पाण्याने भरली गेली, असे अभ्यासकांनी नोंदवले आहे. सर्वांचे भूजल उपसून एकाच्या तळ्यात साठले आणि त्यातले काही उन्हाने उडून गेले. मागणारा शेतकरी चुकीचे वागला असे म्हणणे सोपे आहे. त्याच्या बागेचा जीव त्या पाण्यावर होता. भूजलाचा हिशोब कोणी ठेवायचा हेच योजनेत ठरलेले नव्हते.

तिसरा धागा लिओपोल्ड यांनी पाहायला हवा होता असा आहे. १९९२ च्या आदर्श गाव योजनेत गावांना मदत मिळण्याआधी श्रमदान, चराईबंदी, कुऱ्हाडबंदी अशा अटी स्वीकाराव्या लागत. अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यातल्या हिवरे बाजारने त्यापुढे जाऊन शेतीसाठी बोअर न घेण्याचा नियम केला आणि दरवर्षी पावसाच्या मोजणीनुसार गावाचा पाण्याचा ताळेबंद मांडून पिके ठरवण्याची प्रथा पाडली. विस्कॉन्सिनच्या काउंट्यांनी दहा वर्षांत एकही नियम केला नाही. हिवरे बाजारने केले आणि पाळले. फरक शेतकऱ्यांच्या नीतिमत्तेत होता असे आम्हाला वाटत नाही. एक काउंटी म्हणजे शेकडो विखुरलेली शेते. गाव म्हणजे एकमेकांच्या विहिरी रोज पाहणारी माणसे, शिवाय चिकाटीचे नेतृत्व. अर्थात अशी गावे मोजकीच आहेत, आणि एका गावाच्या यशावरून हजारो गावांचा नियम काढता येत नाही.

निबंधाचे मोल

लिओपोल्ड यांच्यावर दोन आक्षेप आणखी घ्यावे लागतील. नीती कशी रुजते, किती पिढ्यांत रुजते, तोपर्यंत माती कोण सांभाळणार, याबद्दल निबंध जवळजवळ गप्प आहे. आणि त्यांचा चरितार्थ त्यांच्या त्या शेतावर चालत नव्हता. ते पगारदार प्राध्यापक होते. कर्जाचा हप्ता डोक्यावर असलेल्या माणसाला तीव्र उतारावरचे मक्याचे चार पट्टे सोडायला सांगणे त्याहून वेगळे आहे. १९३४ मधल्या एका भाषणात त्यांनी स्वतःच वेगळी वाट सुचवली होती. लोकहिताची काळजी घेणाऱ्या जमीनमालकाला समाजाने मोबदला द्यावा, असे ते तेव्हा म्हणत होते. शेवटच्या निबंधात ही वाट मागे पडली. दोन्ही निबंध एकत्र वाचले तरच त्यांचा पूर्ण विचार हाती येतो.

तरीही हा निबंध वाचावाच, असे आम्ही म्हणू. भाड्याने घेतलेली काळजी भाड्याबरोबर संपते, ही त्यांची खूण आजच्या प्रत्येक अनुदान योजनेला लावून पाहता येते. योजना संपल्यावर काय उरेल, हा प्रश्न लाभार्थींच्या संख्येने सुटत नाही.

वर्गात काय करता येईल

दोन सारख्या उथळ खोक्यांत सारखीच माती भरा. दोन्हींत चमचाभर मीठ मिसळा. दोन्ही खोकी सारखीच तिरपी ठेवा. एकातली माती उघडी ठेवा, दुसरीवर वाळलेले गवत पसरा. झारीने सारखेच पाणी घाला आणि खालून वाहून येणारे पाणी दोन काचेच्या बरण्यांत धरा. रात्रभर ठेवून तळाचा गाळ मोजपट्टीने मोजा. गवताखालचा गाळ थोडा असेल. मग दोन्ही बरण्यांतले वरचे निवळ पाणी गाळून त्याचा एकेक थेंब काचपट्टीवर वाळवा. तुलनेसाठी साध्या पाण्याचाही थेंब घ्या. मिठाचा पांढरा डाग दोन्ही बरण्यांच्या थेंबांत दिसेल. गवताने माती अडवली, विरघळलेले मीठ अडवले नाही. कून खोरे आणि दे मॉइन यांतला फरक एवढ्या प्रयोगात दिसतो.

यानंतर वर्गाचे तीन गट करा : वरचा शेतकरी, खालचा शेतकरी, नदीकाठचे शहर. सरकारकडे एक ठरावीक रक्कम आहे असे समजा. ती कोणाला, कशासाठी, किती वर्षे द्यायची, आणि कोणती गोष्ट पैसे न देता नियमानेच बंद करायची, हे तिन्ही गटांनी मिळून ठरवायचे. वाद होईल, तो होऊ द्यावा. आणि पुढच्या परीक्षेत प्रश्न असा विचारून पाहावा : 'मातीची धूप थांबवण्याचा एक उपाय लिहा. तो कोणी करायचा, खर्च कोणी द्यायचा, फायदा कोणाला होईल आणि अनुदान बंद झाल्यावर तो टिकेल का, हेही सांगा.' उत्तरे पूर्वीसारखी एकसारखी येणार नाहीत आणि तपासायला वेळ लागेल. पण त्या उत्तरांतल्या वाक्यांना कर्ता असेल.